आम्हाला बोलावण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर? आयटी कंपन्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मनुष्यबळ विभाग आणि व्यवस्थापन,
पुण्या-मुंबईत कार्यालयं असलेल्या आयटी कंपन्या

स.न.वि.वि.

'ऑफिसला परत या' असं सांगणारे तुमचे मेल आता आम्हाला तोंडपाठ झालेत. पहिल्या परिच्छेदात आमच्या कष्टांचं कौतुक, दुसऱ्यात 'कल्चर' आणि 'कोलॅबोरेशन', तिसऱ्यात तारीख. आधी आठवड्याचे दोन दिवस होते, मग तीन झाले, काही ठिकाणी पाचही. शेवटी हजेरीचा अप्रेझलशी, म्हणजे वर्षाच्या मूल्यमापनाशी आणि पगारवाढीशी, कसा संबंध लावला जाईल, याची प्रेमळ सूचना. एक गोष्ट मात्र त्यात कधीच नसते. या निर्णयाला पैसे किती पडतात आणि ते कोण भरणार? हे पत्र त्या राहून गेलेल्या परिच्छेदाबद्दल आहे.

मी नाशिकच्या पाथर्डी फाट्याला राहते आणि पुण्याजवळ हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळते. मुलगा झाला तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून नाशिकला आले होते. 2021 मध्ये पुन्हा नोकरीला लागले ती काम घरून होतं म्हणूनच. मुलाखत व्हिडिओवर झाली, लॅपटॉप कुरिअरने आला. नेमणूकपत्रावर 'लोकेशन: पुणे' असं होतं. मी विचारलं, तर एचआरच्या ताई फोनवर म्हणाल्या, "ते नुसतं सिस्टीमसाठी असतं हो मॅडम." त्या ताई पुढे दुसऱ्या कंपनीत गेल्या. सिस्टीम आहे तिथेच आहे.

त्याच ताईंनी पगाराची बोलणी करताना एक वाक्य टाकलं होतं: तुम्ही नाशिकला राहणार, घरभाडं नाही, येण्याजाण्याचा खर्च नाही, मग एवढी अपेक्षा कशाला? मुद्दा रास्त होता. मी कमी आकड्यावर सही केली. माझ्यासारख्या कित्येकांनी केली. म्हणजे घरून काम ही आम्हाला मिळालेली फुकटची सवलत नव्हती. तिची किंमत आमच्या पगारातून पहिल्याच दिवशी वळती झाली होती. आता तुम्ही सवलत काढून घेतलीत आणि वळती केलेली रक्कम तुमच्याकडेच राहिली. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा तपशील. पण तपशील वाचा, कारण तो तुमच्या एक्सेल शीटमध्ये नाही.

ऑफिसच्या दिवसांत हिंजवडीजवळ मारुंजीला मी पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) राहते. तीन जणींची खोली, महिना साडेनऊ हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट. माझ्या दोन्ही रूममेट बावीस-तेवीसच्या, पहिल्या नोकरीतल्या. मला 'दीदी' म्हणतात आणि रात्री मुलाशी व्हिडिओ कॉल चालू असला की गुपचूप बाल्कनीत जाऊन बसतात. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर मार्करने नाव लिहिलेलं असतं, कारण दही नाहीसं होतं. कंपन्यांनी तीन दिवसांची सक्ती केली त्याच तिमाहीत पीजीच्या मालकांनी दर वाढवले. त्यांना दोष देत नाही. तुमचा मेल त्यांच्यापर्यंत आमच्याआधी पोहोचत असावा.

नाशिकहून सोमवारी पहाटे आम्ही चौघं एका गाडीने निघतो. पेट्रोल आणि टोल वाटून घेतला तरी जाऊन-येऊन माणशी चौदाशेच्या आसपास पडतात, म्हणजे महिन्याला साडेपाच हजार. हिंजवडीत रिक्षा आणि कँटीन धरून आणखी साडेतीन. इकडे घरी मी नसते म्हणून स्वयंपाकाला मावशी लावल्या, त्यांचे चार हजार. मुलगा शाळेतून आल्यावर नवरा शिफ्टवरून येईपर्यंत ज्यांच्याकडे थांबतो, त्यांचे अडीच हजार. बेरीज पंचवीस हजारांच्या घरात जाते. मागच्या अप्रेझलला मला मिळालेली वाढ महिन्याला साडेचार हजार होती, तीही कर कापण्याआधी.

मग कोणी तरी सुचवतंच, कुटुंब पुण्याला का हलवत नाही? नवरा अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहे. त्याची मशीन लॅपटॉपवरून चालत नाहीत. पुण्यात त्याला नोकरी मिळेलही, पण या वयात, या पगारावर मिळेलच असं नाही. आणि वाकडला टू बीएचके घ्यायचं तर तीस हजार भाडं, वर डिपॉझिट, दलाली आणि मुलाच्या शाळेची नव्याने भरायची ॲडमिशन फी. नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता काही थांबत नाही. आमचा फ्लॅट भाड्याने दिला तर तेरा-चौदा हजार येतील. उरलेलं कोण भरणार, हा प्रश्न फिरून तिथेच येतो.

त्या फ्लॅटचंही ऐका. 2022 च्या सुरुवातीला आम्ही तो घेतला, रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ज्याच्याबरोबर आमच्या कर्जाचं व्याज हलतं तो, 4 टक्के असताना. त्या काळात नाशिकचे बिल्डर जाहिरातीत 'वर्क फ्रॉम होमसाठी वेगळी खोली' म्हणून अर्धी बेडरूम विकत होते, आणि आम्ही आनंदाने ती घेतली. मे 2022 पासून दर चढायला लागला तो फेब्रुवारी 2023 मध्ये 6.50 वर जाऊन थांबला. बँकेने हप्ता फारसा हलवला नाही, मुदत वाढवली. पासबुकात बदल दिसत नाही म्हणून माणूस स्वस्थ असतो, आणि एक दिवस स्टेटमेंट काढल्यावर कळतं की कर्ज आपल्या निवृत्तीच्या आसपास जाऊन बसलंय. 2025 मध्ये दर उतरले, डिसेंबरात 5.25 पर्यंत आले. चांगलं झालं. पण जिथून निघालो होतो तिथवर अजून परतलेलो नाही. त्या वेगळ्या खोलीत आता धुतलेले कपडे वाळत असतात.

महागाईचा विषय मी अप्रेझलच्या मीटिंगमध्ये काढला, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी स्क्रीनवर आकडा दाखवला: ऑक्टोबर 2025, किरकोळ महागाई 0.25 टक्के. आकडा खरा आहे. जीएसटी कमी झाला होता आणि भाज्या, कांदे-बटाटे वर्षभरापूर्वीपेक्षा बरेच उतरले होते. पण लासलगावला कांदा मातीमोल झाला की तुमच्या तक्त्यात महागाई आटोक्यात येते, आणि निफाडला माझ्या सासऱ्यांच्या घरात त्याच आठवड्यात तोंडं उतरलेली असतात. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला स्वस्त कांदा दाखवून खूश करता येत नाही. हे त्या मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं खरं, पण अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये माझ्या वाट्याला 'एरियाज ऑफ इम्प्रूव्हमेंट' आले होते.

आणि त्या एका महिन्याआधीची वर्षं? सरासरी महागाई 2022-23 मध्ये 6.7 टक्के, पुढच्या वर्षी 5.4, त्यापुढच्या वर्षी 4.6. हे आकडे एकावर एक चढतात. 2021-22 मध्ये 100 रुपयांत भरणारी पिशवी 2024-25 मध्ये 117 रुपयांच्या पुढे गेली. नंतर महागाईचा दर उतरला, म्हणून पिशवी काही पुन्हा 100 ला आली नाही. ती फक्त सावकाश चढायला लागली. शाळेची फी, डॉक्टरचं बिल, घरभाडं आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या यांनी तर उतरणं शिकलेलंच नाही. तुमच्याकडे नव्याने लागणाऱ्या पोरांचं पॅकेज दशकभराहून जास्त काळ साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतंय. माझ्या रूममेट त्यातल्याच. त्यांच्या हातात येणाऱ्या पगारातून पीजी वजा केलं की घरी पाठवायला काय उरतं, हे त्यांना विचारायचं धाडस मला होत नाही.

आता रस्त्याचं. नाशिक आणि पुणे यांच्यात दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर अंतर आहे, आणि सरळ रेल्वेमार्ग नाही. रेल्वेने जायचं तर कल्याणला वळसा घालून घाट उतरायचा आणि पुन्हा चढायचा. सेमी हायस्पीड रेल्वेची घोषणा ऐकत आमची केसं पिकली. ठरलेल्या मार्गात खोडदची रेडिओ दुर्बीण आडवी आली, मार्ग नारायणगाववरून की शिर्डीवरून यावर खल चालू राहिला. उरतो महामार्ग. एसटीने जाणाऱ्यांना जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के भाडेवाढ सोसावी लागली.

आमची गाडी नाशिकरोडच्या दत्तमंदिर चौकातून पहाटे साडेपाचला सुटते. शिंदे टोलनाक्यापर्यंत कोणी बोलत नाही. सिन्नरला मागच्या सीटवर दोघं झोपतात, चंदनापुरी घाटात एकाला उलटी होईल की काय अशी दरवेळी भीती असते, आळेफाट्याला चहा. तिथपर्यंत सगळं बरं असतं. पुढे चाकण. औद्योगिक वसाहतीतले कंटेनर, कामगारांच्या बसेस आणि आम्ही, सगळे एकाच वेळी. बरोबर तिथे आमच्यातल्या एकाचा साडेनऊचा स्टँडअप कॉल असतो, म्हणजे काल काय केलं ते टीमला सांगायची रोजची छोटी मीटिंग. तो कानाला हेडफोन लावून, मांडीवर लॅपटॉप उघडून, कंटेनरच्या हॉर्नमध्ये सांगतो, "यस्टरडे आय वर्क्ड ऑन द पेमेंट मॉड्यूल." म्युट, अनम्युट, म्युट. एकत्र बसून काम व्हावं म्हणून बोलावलेला माणूस चाकणच्या ट्रॅफिकमधून रिमोट काम करतो, आणि त्याची हजेरी ऑफिसची लागते, कारण अकरा वाजता त्याने ऑफिसच्या दारातल्या मशीनला बॅज टेकवलेला असतो. पिंपरी-चिंचवडमध्ये 'नाशिक फाटा' नावाचा चौक आहे. तो आला की आम्ही चौघंही हसतो. का, ते नाशिककरांना सांगायला नको.

ऑफिसात पोहोचल्यावर ते 'कोलॅबोरेशन' शोधायला लागावं लागतं. माझ्या टीममधले तिघे बेंगळुरूला, दोघे चेन्नईत, एक इंदूरला, क्लायंट न्यू जर्सीत. पुण्यात मी आणि आणखी एकजण, त्याचे ऑफिसचे दिवस मंगळवार ते गुरुवार. डेस्क ॲपवरून आदल्या दिवशी बुक करायचं. उशीर झाला तर दुसऱ्या मजल्यावर भलत्याच प्रोजेक्टच्या लोकांत जागा मिळते. तिथे बसून मी दिवसभर हेडफोन लावून टीम्स ॲपवर बोलते. शेजारचा मुलगाही तेच करतो. दोघांच्या कॉलमध्ये एकमेकांचे आवाज जातात, म्हणून आम्ही फोन बूथसाठी रांगेत उभे राहतो. संध्याकाळी क्लायंटचा कॉल असतो तेव्हा ऑफिसची कॅब मिळत नाही, म्हणून तो मी पीजीच्या जिन्यात बसून घेते. नाशिकला निदान खुर्ची होती.

ऑफिसची गरजच नाही, असं माझं म्हणणं नाही. नव्या मुलांना कोड रिव्ह्यू शेजारी बसून शिकवला की आठवड्याचं काम दुपारभरात होतं, हे मी स्वतः करते. रिलीजच्या आठवड्यात सगळे एका खोलीत असले की भांडणं कमी होतात. आणि हो, 2022 मध्ये दोन-दोन नोकऱ्या करणारे सापडले, तेव्हा तुमचा विश्वास उडाला, त्याचीही मला कल्पना आहे. पण त्यांना शोधायची साधनं तुमच्याकडे होती, ती वापरून तुम्ही त्यांना काढलंतही. उरलेल्यांनी त्यांचा दंड का भरायचा?

तुम्हाला पुराव्याची आवड आहे, म्हणून एक देते. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. अर्ध्यांना आठवड्याचे दोन दिवस घरून काम, अर्ध्यांना पाचही दिवस ऑफिस. 2024 मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष आले: कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांमध्ये फरक पडला नाही, नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलं. सगळ्यात जास्त घटलं ते बायकांमध्ये, मॅनेजर नसलेल्यांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये. टीम सांभाळत असले तरी मी पदाने मॅनेजर नाही, म्हणजे तिन्हींत बसते, म्हणून हा शोधनिबंध मला पाठ आहे. त्या कंपनीचे मॅनेजरही प्रयोगाआधी साशंक होते आणि प्रयोगानंतर त्यांचं मत बदललं, हे तुमच्यासाठी.

नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आम्हाला कधी कोणी विचारलं होतं का, घरून काम करणार का म्हणून?" त्याचं बरोबर आहे. लॉकडाऊनमध्ये कारखाने सुरू झाले तेव्हा तो पास खिशात घालून, तोंडाला रुमाल बांधून अंबडला जात होता, आणि मी घरात खुर्चीवर होते. सातपूर-अंबडच्या कामगारापुढे आमचं दुखणं मोठं आहे असा माझा दावा नाही. पण त्याला दूरच्या कारखान्यात पाठवतात तेव्हा कंपनी बदलीचा भत्ता देते, सामान हलवायचे पैसे देते, युनियन दोन शब्द बोलते. आमची बदली एका मेलने होते, आणि तिला बदली म्हणत नाहीत, कारण कागदावर आम्ही पहिल्यापासून पुण्यातच होतो.

म्हणून पहिली मागणी कागदाची. 31 डिसेंबर 2020 ला केंद्र सरकारने सेवा क्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमावलीचा, मसुदा काढला, त्यात घरून कामाचा उल्लेख होता. पण तो नेमणुकीच्या अटींवर किंवा कंपनी आणि कर्मचारी यांच्यातल्या करारावर सोडलेला. लिहिलेलं असेल तर आहे, नसेल तर नाही. तेव्हा ज्यांना घरून कामाच्या बोलीवर घेतलंत, त्यांच्या पत्रात ती बोली लिहा. ती मोडायची असेल तर बदलीचे जे नियम तुमच्याच पॉलिसीत आहेत ते लावा: सामान हलवण्याचा खर्च, सुरुवातीच्या काही महिन्यांचं भाडं, आणि नाशिकच्या भावाने ठरवलेल्या पगारातला फरक. एवढे पैसे नाहीत असं म्हणणार असाल, तर ते आमच्याकडेही नाहीत, हे धरून चला.

दुसरी गोष्ट तुम्हाला एक रुपयाही न खर्चता करता येईल. 'आठवड्याला तीन दिवस' याऐवजी हजेरी महिन्याची मोजा. मी महिन्यातून सलग एक आठवडा, लागलं तर दीड आठवडा येते, टीमच्या सगळ्यांना त्याच आठवड्यात बोलवा, मग खरंच एकत्र बसू. पीजी सुटेल, सोमवारची पहाट सुटेल, मुलाला आई आहे हे आठवड्यातून एकदा सिद्ध करावं लागणार नाही. पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढून मुंबईला जाणारे माझे मित्रही हेच मागतायत. त्यांचा जीव रोजच्या जाण्यायेण्यात जातो, आमचा आठवड्याच्या.

आणि सक्तीचे हुकूम जानेवारीत काढू नका हो. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं. अधल्यामधल्या महिन्यात मूल दुसऱ्या शाळेत घालायचं म्हणजे काय, हे तुमच्यातल्या कोणाला तरी घरून विचारून घ्या.

राहिला नाशिकचा प्रश्न. दरवर्षी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून मुलं बाहेर पडतात आणि पुण्याची बस पकडतात. आयटी पार्कच्या घोषणा आम्ही आडगावच्या ऐकल्या, राजूर बहुल्याच्या ऐकल्या. घोषणांना जागा लागत नाही, तुम्हाला लागते. पार्क होईल तेव्हा होईल. तोवर गंगापूर रोडला किंवा मुंबई नाक्याला कोवर्किंगमध्ये पन्नास खुर्च्या भाड्याने घ्या. तुमच्या कंपनीतले नाशिकचे किती आहेत, हे तुमच्याच पेरोलवरच्या कायमच्या पत्त्यांवरून एका दुपारात काढता येईल. बॅज मशीन तिथे लावा, आम्ही रोज टेकवू. हिंजवडीतली तेवढी जागा रिकामी होईल, आणि पावसाळ्यात तिथल्या रस्त्यांचा तलाव होतो तेव्हा निदान पन्नास जण तरी वेळेवर लॉगिन झालेले असतील. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून मुंबईहून तुम्हालाच नाशिकला यायला वेळ कमी लागतो. कधी तरी तुम्ही या. 2027 च्या सिंहस्थासाठी शहर खणून ठेवलंय, एवढं सोडलं तर अडचण नाही.

नाव लिहीत नाही, कारण नोकरी सोडायची नाहीये. उलट ती टिकावी म्हणूनच लिहितेय. 2021 मध्ये माझ्याबरोबर घरून काम म्हणून परतलेल्या नाशिकच्या मैत्रिणींपैकी काहींनी राजीनामे दिलेत. त्यांच्या एक्झिट फॉर्मवर कारण 'पर्सनल' असं आहे, कारण ड्रॉपडाउनमध्ये दुसरा पर्याय नव्हता. तिथे आणखी एक पर्याय घाला, म्हणजे पुढच्या तिमाहीत आकडा तुम्हालाच दिसेल.

तुमच्या टाउन हॉलसाठी, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेसाठी, प्रश्न आधी लिहून मागवता. मागच्या वेळी मी पाठवलेला प्रश्न वेळेअभावी राहिला, असं कळवण्यात आलं. या वेळी आमच्या गाडीतले चौघंही तोच पाठवणार आहोत: घरून कामाच्या बोलीवर ठरवलेल्या पगारातून जे वजा केलं होतं, ते ऑफिसला बोलावल्यावर परत कधी करणार? सत्र सुरू झाल्या झाल्या घ्या. सोमवार असेल तर आम्ही तेव्हा चाकणला असू, पण ऐकू येतं.

आपली,
पाथर्डी फाट्याची एक टेस्ट लीड,
नाशिक